वीस शाळा, एक विशेष शिक्षक

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. राज्यातल्या ४८६० शाळा-केंद्रांना (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटांना) प्रत्येकी एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची पदे निर्माण करायची, आणि समग्र शिक्षा अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या जवळपास तीन हजार विशेष शिक्षकांना त्या पदांवर सामावून घ्यायचे. या निर्णयामागे शिक्षकांची कितीतरी निवेदने, आंदोलने आणि न्यायालयातली लढाई होती. त्यामुळे त्याचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते.

आता थोडा हिशेब मांडू. राज्यात सगळ्या व्यवस्थापनांच्या मिळून एक लाखाहून अधिक शाळा आहेत. एका केंद्राला एक विशेष शिक्षक म्हटले, तर एकाच्या वाट्याला सरासरी वीसहून जास्त शाळा येतात. रोज एक शाळा गाठली, तरी त्याच शाळेत परत पोहोचायला महिना जातो. दरम्यान त्या शाळेतली अंध मुलगी, कानाला यंत्र लावलेला मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, अक्षरांशी झगडणारी दोन-तीन मुले आपापल्या बाकावर बसून असतात. कायद्याने त्यांना शाळेत आणले आहे. शाळेत आल्यावर त्यांना शिकवायचे कोणी, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलताना साहित्य, अनुदान, रॅम्प, स्वच्छतागृह, शिष्यवृत्ती यांची यादी लगेच पुढे येते. ती आवश्यकच आहे. पण या सगळ्याचा उपयोग ज्याच्या हातून होतो, तो विशेष शिक्षक त्या यादीत शेवटी सापडतो. मुलांच्या हक्कांची लढाई आणि त्यांच्या शिक्षकांच्या पदांची लढाई या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या गेल्या, आणि त्यात दोघांचेही नुकसान झाले.

शाळा कोणी काढल्या

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास मुंबईत ठळक दिसतो. मुंबईत १८८५ साली माझगावला मूकबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. देशातली अशी ती पहिली शाळा मानली जाते. १९०० च्या दुष्काळाच्या काळात अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलींना आसरा देऊन शिकवायला सुरुवात केली. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली.

मिशनऱ्यांनंतर पुढे आले ते पालक. आपल्या मुलीला घेईल अशी शाळाच नाही, हे लक्षात आल्यावर होर्मसजी आणि दीना वकील या दांपत्याने १९४४ मध्ये मुंबईत तिच्याच नावाने शाळा काढली. आजची जय वकील शाळा ती हीच. १९७२ मध्ये मिठू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात केली, तीही मुलगी मालिनी हिच्या शिक्षणाच्या निकडीतून. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या या शाळेमागेही एका आईचाच अनुभव होता. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांच्या प्रेरणेने अंध आणि मूकबधिर मुलांची विद्यालये उभी राहिली. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून अपंग मुलामुलींच्या वसतिगृहाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली.

या सगळ्या संस्थांचा आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ज्या शहरात असा धडाडीचा माणूस निघाला तिथे शाळा झाली, जिथे निघाला नाही तिथे झाली नाही. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या मुलांनी असा माणूस जन्माला येण्याची वाट पाहत बसायचे, ही व्यवस्था होऊ शकत नाही.

कायद्याचा प्रवास

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दिव्यांग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असे सुचवले होते. १९७४ मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. सुरुवातीला ती कल्याण मंत्रालयाकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. या परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकारच्या अपंगत्वाचा विचार होता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वेगळी तरतूद केली.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले त्यात स्पष्टपणे आली आणि तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. त्यानंतर आला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली होती, त्याच्याशी सुसंगत असा हा कायदा आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व यांचा समावेश झाला. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. ही शाळा जवळची सर्वसाधारण असावी की विशेष, हे ठरवण्याचा अधिकार त्याला आणि त्याच्या पालकांना आहे.

याच कायद्याच्या सतराव्या कलमाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दर पाच वर्षांनी शालेय वयाच्या दिव्यांग मुलांचे सर्वेक्षण करणे, ब्रेल आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमणे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक नेमणे, पुरेशी संसाधन केंद्रे उभारणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे त्यात लिहिले आहे. प्रत्येक जिल्ह्यात याची काय स्थिती आहे, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे.

गरज केवढी आहे, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. ही मोजणी जुन्या, कमी प्रकारांच्या यादीवर झालेली असल्याने खरी संख्या यापेक्षा मोठी असणार. युनेस्को आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती, आणि ५ ते १९ वयोगटातली एक चतुर्थांश मुले शाळेबाहेर होती.

न्यायालयाने ठरवून दिलेले प्रमाण

शिक्षकांच्या संख्येचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ठरवल्याशिवाय आणि कायम पदे निर्माण केल्याशिवाय शिक्षण हक्काला अर्थ उरत नाही. नियम होईपर्यंतचा आधार म्हणून न्यायालयाने काही प्रमाणे मांडली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आठ मुलांमागे एक शिक्षक. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक. ऐकू आणि पाहू न शकणाऱ्या दोन मुलांमागे एक. त्यानंतर १० जून २०२२ रोजी केंद्राने अधिसूचना काढून प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण नियमात आणले.

२०२१ च्या निकालानंतर जवळपास साडेतीन वर्षे अनेक राज्यांनी मंजूर पदांची संख्याही जाहीर केली नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. पदे तीन आठवड्यांत अधिसूचित करा, पात्र शिक्षकांची नियमित भरती करा, आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर किंवा रोजंदारीवर शिकवणाऱ्यांचा विचार छाननी समितीमार्फत करा, असे न्यायालयाने सांगितले. दिल्लीत याआधीच, २००९ मध्ये, सोशल ज्युरिस्ट संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला होता.

केंद्रामागे एक पद आणि दहा मुलांमागे एक पद, ही दोन वेगळी मापे आहेत. पहिले माप प्रशासनाच्या नकाशावरून ठरते, दुसरे मुलांच्या संख्येवरून. एखाद्या केंद्रात चाळीस नोंदलेली दिव्यांग मुले असतील, तर नियमाने तिथे तीन-चार शिक्षक लागतात. महाराष्ट्राचा २०२४ चा निर्णय पहिले पाऊल म्हणून मोलाचा आहे. दुसरे पाऊल म्हणजे केंद्रनिहाय मुलांची मोजणी करून पदे वाढवणे.

वर्गात नेमके काय घडते

विशेष शिक्षकाचे काम काय, याची नीट कल्पना नसल्याने त्याला 'मदतनीस' समजले जाते. म्हणून हे काम जवळून पाहिले पाहिजे.

ब्रेल शिकवायचे आहे. जाड कागद ब्रेल पाटीत अडकवतात आणि टोकदार स्टायलसने ठिपके मागच्या बाजूने उमटवतात. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. सहा ठिपक्यांच्या घरात ६३ रचना होतात, त्यांतूनच सगळी मुळाक्षरे, अंक, विरामचिन्हे भागवायची. भारती ब्रेलमध्ये मात्रा अक्षराच्या आगेमागे किंवा वरखाली बसत नाहीत. 'कि' लिहायला आधी 'क', मग 'इ'. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह अर्ध्या अक्षराच्या आधी येते, म्हणून 'पुस्तक' या शब्दाची घरे होतात प, उ, हलन्त, स, त, क. वर्गशिक्षिका फळ्याकडे बोट दाखवून 'पहिली वेलांटी इकडे, दुसरी तिकडे' सांगतात, तेव्हा अंध मुलीला त्यातून काहीच मिळत नाही. वेलांटीचा ब्रेलमधला अर्थ तिला समजावून देणारा माणूस शेजारी लागतो. गणितासाठी टेलर पाटी असते. तिच्या आठकोनी भोकांत खुंटी कोणत्या दिशेने बसवली, त्यावरून अंक ठरतो. हे सगळे आठवड्यातून दोनदा तरी हाताखालून गेले नाही, तर विसरते.

श्रवणबाधित मुलाचा प्रश्न निराळा. ओठ वाचून सगळे समजते, हा गैरसमज आहे. 'बाळ' आणि 'माळ' म्हणताना ओठांची हालचाल जवळपास सारखीच दिसते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की तेवढाही आधार जातो. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे, त्यामुळे तिच्यातून शिकलेल्या मुलाला लेखी मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. हे तंत्र अवगत असलेला शिक्षक नसेल, तर चुका मुलाच्या नावावर जमा होतात.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शर्टाचे बटण लावायला शिकवायचे असेल, तर शिक्षिका त्या कृतीचे तुकडे पाडते. बटण धरणे, काज उघडणे, बटण अर्धे घालणे, पलीकडून ओढून घेणे. मग सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून होते. सगळे तिने करायचे, शेवटचे ओढणे तेवढे मुलाने. ते जमले की त्याच्या आधीचा तुकडा. प्रत्येक फेरीत काम मुलाच्या हातून पुरे होते. हीच पद्धत हात धुणे, दहा रुपयांची नाणी जुळवणे, बसचे तिकीट काढणे यासाठी वापरतात. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेविषयीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली कार्यात्मक मूल्यमापन सूची आणि मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धतीची ३६० कृतींची तपासणी यांच्या आधारे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनतो. तो तीन महिन्यांनी तपासून बदलायचा असतो. महिन्यातून एकदा शाळेत येणाऱ्या शिक्षकाने हे कसे करायचे?

मराठीतल्या अध्ययन अक्षमतेलाही स्वतःचे रूप आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या चुकांची यादी मराठीला लावून चालत नाही. घ-ध, म-भ, प-ष-य यांची आकृती, बोलताना नंतर येणारी पण लिहिताना आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'र'ची वेगवेगळी रूपे इथे मूल अडखळते. म्हणून राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केलेली 'डाली' ही चाचणीमाला मराठी माध्यमाच्या शाळांसाठी मोलाची आहे. या मुलांना 'आळशी', 'लक्ष नसलेला' ठरवले जाण्याआधी हे साधन शाळेच्या हातात पडायला हवे.

साधने आहेत, पोहोचत नाहीत

समग्र शिक्षा अभियानात प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. पहिली ते बारावीच्या मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता मिळतो. कानपूरच्या अॅलिम्को कंपनीमार्फत श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या, कॅलिपर, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शैक्षणिक साहित्याचे संच अॅडिप योजनेतून येतात. तालुक्याच्या शिबिरात माप घेऊन खुर्ची मिळते, पण मूल वर्षभरात उंच होते आणि खुर्ची तेवढीच राहते. श्रवणयंत्राची बॅटरी संपली की ते कपाटात जाते. दुरुस्ती आणि पुन्हा माप घेणे याची व्यवस्था त्याच तालुक्यात उभी करणे, ही छोटी पण कळीची मागणी आहे.

डिजिटल साधनांनी गेल्या दहा-बारा वर्षांत मोठी वाट उघडली. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने दृष्टिबाधितांसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात आणण्याची मुभा मिळाली. त्या लढ्यात मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातल्या दृष्टिबाधितांच्या संसाधन केंद्रासारख्या संस्था पुढे होत्या. २०१४ मध्ये दृष्टिबाधितांसाठी सुलभ पुस्तकांचा मार्ग मोकळा करणाऱ्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मराठी ब्रेल वाचकांसाठी स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे पाक्षिक काढले, ते मराठीतले पहिले ब्रेल वृत्तपत्र. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर संगणकाच्या पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून दाखवते. पण त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. शाळेची प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये असेल, किंवा सूचना फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकली असेल, तर अंध विद्यार्थ्याला किंवा अंध शिक्षकाला ती मिळाली असे म्हणता येत नाही. युनिकोडची सक्ती करायला एक रुपयाही लागत नाही.

श्रवणबाधितांसाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची दूरदर्शन वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. वर्गशिक्षकांना मुलांमधली संभाव्य अपंगत्वाची लक्षणे लवकर ओळखता यावीत, म्हणून एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'प्रशस्त' हे ॲप आणले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांसाठी जय वकील फाउंडेशन आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून 'दिशा अभियान' सुरू केले. आपापल्या पद्धतीने शिकवणाऱ्या शाळांना एकसमान अभ्यासक्रम आणि मूल्यमापन मिळण्याची सुरुवात त्यातून झाली. शेजारी गोव्यात पणजीच्या 'सेतू' केंद्राने बालविकास तपासणी, पालकांचे मार्गदर्शन आणि शिक्षकांचे प्रशिक्षण एका छताखाली आणले, आणि फोंड्याच्या लोकविश्वास प्रतिष्ठानने विशेष शाळांचे काम नेटाने चालवले.

प्रमाणपत्र आणि परीक्षा

सवलती मिळवायच्या, तर दाखला हवा. दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणी रुग्णालयातच होते. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी मूल आठ वर्षांचे व्हावे लागते, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून चाचण्या कराव्या लागतात, आणि ही सोय अजूनही मोठ्या शहरांच्या शासकीय रुग्णालयांभोवती एकवटली आहे. जिल्हा रुग्णालयात विशेष शिक्षकाचे पद नसेल, तर तिथला दाखला अडतो. म्हणजे शिक्षकाची टंचाई वर्गाइतकीच दवाखान्यातही जाणवते.

दाखला हातात आला की पुष्कळ दारे उघडतात. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. ताशी वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, आकृत्या आणि नकाशांतून सूट, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि एक कार्यानुभवाचा विषय असे पर्याय आहेत. नेहमीच्या मंडळाची चौकट झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत एकेक विषय देता येतो.

११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अडसर दूर केला. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, लिहिण्यात खरी अडचण असेल तर वाजवी सोय हा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी नीट परीक्षेत जादा वेळ नाकारलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, अशी चूक सुधारण्याची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची आहे, असेही न्यायालयाने ठणकावले. सवलत म्हणजे गुणांची खिरापत, असे मानणाऱ्या शाळांना हे दोन निकाल वाचून दाखवायला हवेत.

पालकांसाठीही आधार आहेत, पण ते सांगायला कुणी नसते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व मिळवावे लागते. जुन्या प्रणालीने प्राप्तिकर भरणाऱ्यांना ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. शाळेने प्रवेश नाकारला किंवा सोय नाकारली, तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

दोन खात्यांमध्ये अडकलेले मूल

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. दिव्यांगांसाठी वेगळे मंत्रालय असलेले हे पहिले राज्य असल्याचे तेव्हा सांगितले गेले. विशेष शाळा आणि कर्मशाळा या विभागाकडे आहेत. सर्वसाधारण शाळेत शिकणारी दिव्यांग मुले मात्र शालेय शिक्षण विभागाकडे. दोन्हीकडच्या शिक्षकांचे प्रशिक्षण सारखे, पुनर्वास परिषदेकडची नोंदणी सारखी, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करण्याची अटही सारखीच. पण वेतन, बढती, बदली, प्रशिक्षण यांचे मार्ग वेगळे. विशेष शाळेतून पाचवीला सर्वसाधारण शाळेत आलेल्या मुलाचा वैयक्तिक आराखडा त्याच्याबरोबर पुढे जाईल, अशी सक्ती कुठेच नाही. नव्या शाळेत सगळी तपासणी पहिल्यापासून होते किंवा होतच नाही.

इथे विशेष शाळा की समावेशित शाळा, हा वाद उगाच टोकाला जातो. गंभीर बहुविकलांगता असलेल्या मुलाला काही वर्षे विशेष शाळेची गरज असू शकते. हलकी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला गावातली शाळाच योग्य. विशेष शाळांनी आपले कसब आसपासच्या शाळांना द्यावे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी आपली मुले त्यांच्या तज्ज्ञांपर्यंत न्यावीत, असे दुतर्फा नाते जोडणे हा खरा मार्ग आहे. त्यासाठी दोन्ही खात्यांनी एकत्र बसून एक नोंदवही, एक आराखडा आणि एक प्रशिक्षण ठरवायला हवे.

आता काय मागायचे

विशेष शिक्षकांच्या मागण्या आणि पालकांच्या मागण्या एका कागदावर आणल्या, तर त्यातल्या बऱ्याच सारख्या निघतात. केंद्रनिहाय दिव्यांग मुलांची संख्या आणि मंजूर, भरलेली, रिक्त पदे दरवर्षी जाहीर करावीत. २०२२ च्या प्रमाणानुसार पदे ठरवावीत. आदिवासी आणि डोंगरी तालुक्यांत प्रवासाचा वेळ धरून शाळांची संख्या कमी ठेवावी. प्रवासभत्ता वेळेवर द्यावा. विशेष शिक्षकाला निवडणूक आणि गणनेच्या कामातून मोकळे करावे. डी.एड. आणि बी.एड. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही आठवडे विशेष शाळेत किंवा संसाधन कक्षात काम करणे सक्तीचे असावे, कारण महिन्याचे उरलेले एकोणतीस दिवस मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. दिव्यांग व्यक्तींनी विशेष शिक्षक व्हावे, यासाठी अध्यापक महाविद्यालये सुलभ करावीत.

या मागण्या मुंबईत आणि दिल्लीत मांडल्या जात आहेत. पण त्यांची एक जागा गावातही आहे. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती बनवते. जूनमधल्या पहिल्या बैठकीत तीन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेता येतात: आपल्या शाळेत विशेष गरजा असलेली मुले किती नोंदली आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचा वैयक्तिक आराखडा कोणी आणि कधी तयार केला, आणि गेल्या वर्षभरात विशेष शिक्षक शाळेत कोणकोणत्या तारखांना आले. या इतिवृत्ताची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक प्रत राज्य दिव्यांग आयुक्तांना पाठवली, की त्या शाळेपुरते तरी पदे, मुले आणि भेटी यांचे आकडे अधिकृत नोंदीवर येतात, आणि पुढची मागणी त्या आकड्यांवर करता येते.